काउंटर थांबायला नको, बॅकअपही चुकायला नको

नांदेडच्या माझ्या दुकानात उबंटूवर बिलिंग चालतं. लाईट जाऊन आली की बॅकअपची जुनी यूएसबी हार्डडिस्क कधी वेळेत जागीच व्हायची नाही. पीसी तिची 90 सेकंद वाट बघायचा आणि इमर्जन्सी मोडमध्ये जायचा. समोर गिऱ्हाईक उभं!

उपाय सोपा आहे. एफस्टॅब फाइलमध्ये त्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय लिहा. डिस्क नसली तरी पीसी सुरू होतो.

पण माझं मत विचाराल तर, खरा धोका इथूनच पुढे आहे. डिस्क जोडली गेली नाही, तर बॅकअप त्याच पीसीच्या रिकाम्या फोल्डरमध्ये पडतो आणि आपण म्हणतो, झालं काम! म्हणून बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आधी ‘माउंटपॉइंट’ कमांडने तपासणी टाका. दुकान नांदेडात असो की लातुरात, हिशेब देवाच्या भरवशावर ठेवू नका.