‘पंधरा दिवस पडून राहा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

पोते उचलताना कमरेत भरलेली उसण असो की कबड्डीच्या पकडीत मुरगळलेला घोटा, पालघर-बोईसर पट्ट्यात दोन्हींवर सल्ला एकच मिळतो: पंधरा दिवस पडून राहा, शेक घ्या, पट्टा बांधा आणि दुखायचे थांबले की कामाला लागा. हा पूर्वपक्ष निव्वळ अडाणीपणाचा नाही. बहुतेक उसण काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप ओसरते आणि त्या काळात जे काही केले असेल, श्रेय त्याच्या पदरात पडते. पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेणाऱ्याची उसण उतरते तीही याच हिशेबाने. प्रश्न असा की पडून राहिल्याने बरे होणे लवकर घडते की लांबते.

याचे उत्तर चाळीस वर्षांपासून उपलब्ध आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत कंबरदुखीच्या २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणात राहायला सांगितले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले आणि बाकी कुठल्याच बाबतीत ते मागे पडले नाहीत. १९९५ मध्ये हेलसिंकीत एक पाऊल पुढे जाऊन तिसरा गट ठेवला गेला. त्याला ना विश्रांती दिली, ना व्यायाम. झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवायला सांगितले. सर्वांत लवकर सावरला तो हाच गट. कारण शरीराच्या घडणीत आहे. स्नायू, कंडरा आणि हाड यांची डागडुजी पडणाऱ्या भाराच्या मापाने होते. भारच नसेल तर नवे तंतू अस्ताव्यस्त आणि कमकुवत राहतात, स्नायू झपाट्याने रोडावतो, आणि सोळाव्या दिवशी माणूस पूर्वीचेच पोते पूर्वीपेक्षा दुबळ्या कमरेने उचलतो.

पट्ट्याचेही तेच. अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीत माल हाताळणाऱ्या नऊ हजारांहून अधिक कामगारांवरचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टा नियमाने बांधणारे आणि न बांधणारे यांच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. तरीही पट्टे वाटले जातात, कारण पट्टा विकत आणणे सोपे आणि कामाची मांडणी बदलणे कटकटीचे.

‘मणक्यात गॅप आली’ हे निदान तर अनेकांना जन्मभर पुरते. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांपैकी ३७ टक्के आणि ऐंशीतल्यांपैकी ९६ टक्के जणांच्या मणक्यांच्या गाद्या तपासणीच्या चित्रात झिजलेल्या दिसल्या. केस पिकण्याला कोणी आजार म्हणत नाही. झिजेचे बरेचसे चित्र त्याच जातीचे असते. हे न सांगता अहवाल हातात ठेवला की धडधाकट हमालही वाकायला घाबरू लागतो.

खंडनाचा एक वार खुद्द फिजिओथेरपीच्या व्यवसायावरही करायला हवा. दहा सिटिंगचे पैसे आगाऊ घ्यायचे, पालथे झोपवून ‘करंट’ लावायचा, वर शेक द्यायचा आणि घरी पाठवायचे, याला उपचार म्हणणे धाडसाचे आहे. त्याने तास-दोन तास बरे वाटते, हे खरे. पण रुग्णाने स्वतः काही केलेच नाही तर त्याची ताकद वाढणार कुठून? विक्रमगड किंवा वाड्याहून येणाऱ्याची प्रत्येक सिटिंगमागे एक हजेरी बुडते, हे वेगळेच. दोन-तीन भेटींत व्यायाम नीट शिकवणे आणि पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी भार वाढवून देणे, हे त्याच्या खिशाला आणि कमरेला दोन्हींना मानवते.

विश्रांतीची बाजू काही ठिकाणी मात्र निर्विवाद खरी आहे. कमरेच्या दुखण्याबरोबर लघवीवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला किंवा पायातली शक्ती उतरत चालली, तर व्यायाम नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. घोट्यासाठी कॅनडात ओटावा येथे ठरलेली कसोटी वापरतात: चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे. तिथे मालिशवाल्याला हात लावू देणे धोक्याचे. बाकीच्या बहुसंख्य लचकांत, पहिले दोन-तीन दिवस सांभाळल्यावर, हालचाल हाच उपचार आहे.

मंडनासाठी या जिल्ह्याला लांब जायला नको. पालघरहून लोकल-गाडीने मुंबईच्या मैदानांवर जाणारा शार्दूल ठाकूर ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादेत पहिली कसोटी खेळला आणि दहा चेंडू टाकून जांघेच्या दुखापतीने बाहेर पडला. पुढची कसोटी त्याला जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला मिळाली. तिथे त्याने ६७ धावा केल्या आणि दोन डावांत मिळून सात बळी घेतले. जून २०२४ मध्ये त्याच्या पायावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो इराणी करंडकात मुंबईकडून मैदानात होता. वेगवान गोलंदाजाची अशी वापसी आखीव असते: आधी चालणे, मग धावणे, मग अर्ध्या रनअपने थोडे चेंडू, मग षटकांची संख्या वाढवत नेणे. दुखणे थांबले की थेट सामना, असे तिथे कोणी करत नाही.

गावच्या कबड्डी संघाला लंडन परवडणार नाही, पण क्रम तोच लागू पडतो. मुरगळलेल्या पायाच्या चढाईपटूने आधी त्या एका पायावर तोल सांभाळावा, मग टाचा उचलाव्यात, मग एका पायावर उड्या, मग धावता धावता दिशा बदलणे, आणि शेवटी चढाई. दुखापत टाळण्यासाठी मांडीच्या मागच्या स्नायूचा एक व्यायाम विशेष उपयोगी आहे. खेळाडू गुडघ्यांवर ताठ उभा राहतो, साथीदार मागून त्याच्या टाचा दाबून धरतो आणि खेळाडू जमेल तितक्या सावकाश पुढे झुकत जातो. तोल जाईल तिथे हात टेकतो. खर्च शून्य. फुटबॉल संघांत हा व्यायाम नियमाने केल्यावर त्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. सामन्याआधी उभ्या उभ्या पाय ताणत बसण्याने मात्र दुखापती कमी झाल्याचा पुरावा नाही.

कारखान्यात गोष्ट अवघड होते, कारण खेळाडूचा भार प्रशिक्षक आखतो आणि कामगाराचा भार उत्पादनाचे वेळापत्रक. तारापूर औद्योगिक वसाहत म्हटली की बातमी येते ती स्फोटाची आणि आगीची. त्या भाजलेल्यांनाही फिजिओथेरपी पहिल्या दिवसांपासून लागते: ज्या स्थितीत दुखत नाही त्या स्थितीत हात दुमडून ठेवला तर कातडी तशीच आखडते. पण रोजची झीज बातमीत येत नाही. रासायनिक कारखान्यातला हेल्पर पायाशी असलेल्या थप्पीतून पन्नास किलोचे पोते उचलतो, कंबरेत वळतो, छातीपर्यंत चढवतो आणि रिॲक्टरच्या मॅनहोलमध्ये रिकामे करतो, मग पुढचे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेच्या सूत्रानुसार सर्व काही अनुकूल असताना, म्हणजे भार अंगाजवळ, कमरेच्या उंचीला, न वळता आणि अधूनमधूनच, उचलण्याची मर्यादा २३ किलो येते. इथे यातली एकही अट पाळली जात नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या ३४ व्या कलमाने इजा होईल इतके वजन कोणालाही उचलायला लावण्यास मनाई केली होती.

यावर व्यवस्थापनाचे ठरलेले उत्तर असते: ‘आम्ही वजन उचलायचे शिक्षण देतो, गुडघ्यात वाका सांगतो.’ २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात हे शिक्षण तपासले गेले. त्याने कंबरदुखी टळत असल्याचे दिसले नाही. फळ्यावरचे चित्र पोते हलके करत नाही. थप्पी कमरेच्या उंचीच्या मंचावर ठेवणे, पोती पंचवीस किलोची मागवणे, हॉइस्ट किंवा पॅलेट ट्रॉली देणे, वळण टळेल अशी उभे राहण्याची जागा करणे, याने ते होते. फिजिओथेरपिस्टला दवाखान्यात बसवण्यापेक्षा शिफ्टमध्ये तासभर उभे करावे. तो या गोष्टी दाखवून देईल. त्यांच्या जोडीला नियमित व्यायाम हवाच, कारण कंबरदुखी टाळण्याचा सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाच्याच बाजूने आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहारातला आणि म्हणून सर्वांत वजनदार: ठेक्यावरच्या माणसाला हलके काम देतो कोण? विमा असलेल्याला कामावरच्या इजेसाठी वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. पण कर्मचारी राज्य विम्याच्या नियमाप्रमाणे ज्या दिवशी तो मजुरी घेऊन काम करील त्या दिवसाचा भत्ता बंद. म्हणजे एक तर पूर्ण घरी, नाही तर पूर्ण पोते. अर्धा दिवस पॅकिंगच्या टेबलाशी, पुढच्या आठवड्यात दहा किलो, त्यापुढे वीस, अशी चढण या चौकटीत बसत नाही, आणि पडून राहण्याचा सल्ला कायद्याच्याच आधाराने टिकतो. उपाय दोन आहेत. हलक्या कामाच्या दिवसांत मजुरीतली तूट विम्याने भरून द्यावी, आणि कामावर परतण्याचा दाखला ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ एवढाच न राहता त्यात किती किलो, किती तास आणि कोणत्या आठवड्यापर्यंत हे लिहिले जावे. दुसरा उपाय कायदा बदलण्याची वाट न पाहता कोणताही कारखाना उद्यापासून करू शकतो, मात्र तो कायम कामगाराइतकाच ठेकेदाराच्या हजेरीपटावरच्या माणसालाही लागू करावा लागेल.