काचपेटीतले पाहुणे, नदीतले मालक

आपल्या शहरातील अनेक दवाखान्यांच्या प्रतीक्षालयात काचेची मत्स्यपेटी मांडलेली दिसते. रडणारे मूल माशांकडे पाहून शांत होते, रुग्णाच्या नातेवाइकांना घटकाभर विरंगुळा मिळतो. या निरुपद्रवी छंदाविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती पेटी रिकामी करण्याच्या रीतीबद्दल. मासा मोठा झाला, पेटीत मावेनासा झाला किंवा सांभाळणारे कोणी उरले नाही, की त्याला जवळच्या नदीत अथवा तलावात सोडून देण्याकडे लोकांचा कल असतो. एका मुक्या प्राण्याला जीवदान दिल्याचे समाधानही लाभते. परंतु हे समाधान नदीला फार महाग पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेटीच्या काचेवरील शेवाळ खाणारा 'सकर' मासा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. दुकानात बोटभर दिसणारा हा जीव वाढीस लागला की फूट-दीड फुटांचा होतो. अंगावर हाडांसारख्या कठीण पट्ट्यांचे चिलखत, परांना धारदार काटे, आणि पाण्यात प्राणवायू कमी पडला तर हवा गिळून जठरावाटे श्वसन करण्याची सोय! ज्या गढूळ, दूषित पाण्यात देशी मासे गुदमरतात, तेथे हा सुखाने नांदतो. नर काठच्या मातीत बिळे खोदून अंड्यांची राखण करतो. त्यामुळे काठ ढासळतात. कोळ्यांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात आणि बाजारात त्याला मोल नाही.

ही केवळ परदेशची कथा नव्हे. २०२० साली वाराणसीजवळ गंगेत हा मासा सापडल्यावर शास्त्रज्ञांनी चिंता व्यक्त केली. सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयात परदेशी चिलापीने आधीच बस्तान बसवले होते. तेथील मच्छीमारांच्या जाळ्यांत पुढे सकरही येऊ लागला. आपल्या राज्याच्या राजधानीत, भोपाळच्या मोठ्या तलावात, २०२३ साली मगरीसारख्या तोंडाचा 'ॲलिगेटर गार' हा उत्तर अमेरिकेतील मासा गळाला लागला. तो तेथवर पोहत आला नाही, हे सांगावयास नको.

येथपर्यंतचा दोष हौशी मंडळींच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकलो असतो. परंतु परक्या माशांना हेतुपुरस्सर आमंत्रण देणाऱ्यांत आपले वैद्यकशास्त्रही होते, हे मान्य केले पाहिजे. गप्पी हा आज मत्स्यपेटीत अतिशय लोकप्रिय असलेला चिमुकला मासा विसाव्या शतकाच्या आरंभी, तर गॅम्बुसिया १९२८ साली इटलीमार्गे, डासांच्या अळ्या खाण्यासाठी भारतात आणला गेला. हिवतापाने गावेच्या गावे अंथरुणाला खिळत असताना घेतलेल्या त्या निर्णयाला मी नावे ठेवणार नाही. हेतू शुद्ध होता. तथापि औषधाचे मूल्यमापन हेतूवरून नव्हे, परिणामावरून करावे, हे आपणच विद्यार्थ्यांना शिकवतो.

परिणाम काय दिसतो? हे दोन्ही मासे अंडी न घालता थेट पिलांना जन्म देतात. गप्पीची मादी नराचे बीज कित्येक महिने साठवून ठेवते. म्हणजे एकटी मादीसुद्धा नव्या वसाहतीस पुरेशी ठरते. गॅम्बुसिया अळ्यांवर थांबत नाही. इतर माशांची अंडी, पिले आणि बेडूकमासेही फस्त करतो. बेडूक आणि देशी मासे हेच डासांचे जुने वैरी, ही यातली विसंगती! ऑस्ट्रेलियात १९२५ साली डासांसाठी आणलेल्या गॅम्बुसियाने तेथील छोट्या देशी माशांचे जिणे अवघड केले. आपल्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने २०१८ साली या दोन्ही माशांची गणना आक्रमक परदेशी प्रजातींत केली. तरीही अनेक राज्यांत ते सोडणे चालूच राहिले, आणि २०२५ च्या आरंभी राष्ट्रीय हरित लवादाने याबाबत केंद्राकडे उत्तर मागितले.

आणि लाभ? कॉक्रेन संस्थेने २०१३ मध्ये, व पुन्हा २०१७ मध्ये, उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. मासे सोडल्याने माणसांतील हिवताप कमी होतो, असे सिद्ध करणारा विश्वासार्ह पुरावा त्यांना मिळाला नाही. शिवाय आज आपल्या शहरांना छळणारा डेंग्यू ज्या एडिस डासामुळे पसरतो, तो नदीत वाढत नाही. तो कूलरमध्ये, टाकाऊ टायरमध्ये, उघड्या टाकीत, कुंडीखालच्या बशीत वाढतो. तेथे नदीतला मासा कसा पोहोचणार?

यावर काही मित्र म्हणतील, की मासे कीटकनाशकापेक्षा बरे. त्यांत विष नाही, खर्च नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. बांधकामावरील हौद, कारंजी, बंद सिमेंटच्या टाक्या येथे गप्पी ठेवण्यास माझा विरोध नाही. परंतु जे पाणी पावसाळ्यात ओसंडून ओढ्यानाल्याला मिळते, तेथे तो नको. कीटकनाशकाचा अंश कालांतराने विरतो. प्रजा वाढवणारे औषध परत घेता येत नाही.

पाणी कसे एकमेकांशी जोडलेले असते, हे बुऱ्हाणपूरकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. १६१५ च्या सुमारास, खानखानांच्या काळात उभारलेल्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याचे पाणी भुयारातून एका कुंडीतून दुसरीत वाहते. नदीचेही तसेच आहे. येथे तापीत सोडलेला मासा आपल्या शहराचा राहत नाही. तो भुसावळजवळच्या हतनूरला, पुढे गुजरातेत उकाईला पोहोचू शकतो. मुलताईहून निघणारी ही नदी तीन राज्यांतील मच्छीमारांचे पोट भरते. महाशीर हा मध्य प्रदेशाचा राज्यमासा. वाहत्या, स्वच्छ पाण्यावर जगणारा हा मासा धरणे, वाळूउपसा आणि सांडपाणी यांनी आधीच गांजला आहे. त्याच्यावर नवा प्रतिस्पर्धी लादण्याचा आपल्याला अधिकार नाही.

म्हणून व्यवसायबंधूंना माझी नम्र सूचना आहे. ज्यांच्या दवाखान्यात मत्स्यपेटी आहे, त्यांनी तिच्याशेजारी मराठी-हिंदीत एक पाटी लावावी: 'हे मासे नदीत, तलावात, नाल्यात सोडू नका.' नकोसा मासा दुकानदाराला अथवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा. असाध्य आजारी मासा लवंगेच्या तेलाच्या योग्य मात्रेने वेदनेविना निरोप घेऊ शकतो. युजेनॉलचा गुण आपल्या दंतवैद्य मित्रांना ठाऊक आहेच. कोणी डासांसाठी विहिरीत किंवा ओढ्यात मासे सोडण्याचा सल्ला मागितला, तर आधी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास, टाक्या झाकण्यास सांगावे. तापी जयंतीला आषाढ शुद्ध सप्तमीस आपण नदीला साडी-चोळी अर्पण करतो. त्या दिवशी आपल्या संस्थेच्या वतीने घाटावर चार शब्द या विषयावर बोलले जावेत.

रुग्णाला प्रथम अपाय करू नये, हे आपल्या व्यवसायाचे आद्य वचन. ज्या नदीचे पाणी आपले रुग्ण पितात, तिलाही ते लागू करण्यास आपण आता विलंब लावू नये.