शेखचे रक्त, कस्तुरीचे मरण

‘द शेख’ (१९२१) या मूकपटाचा पंचनामा करणे ही मराठी समीक्षेत आता फारशी अवघड गोष्ट उरलेली नाही. एडवर्ड सैद यांचे १९७८ चे ‘ओरिएंटॅलिझम’ हाताशी असले की वाळवंटातला तंबू, पळवून आणलेली गोरी स्त्री आणि डोळे विस्फारून पाहणारा अरब या साऱ्यांतून पाश्चात्त्य वर्चस्वाची संहिता आपोआप उलगडू लागते. निष्कर्ष चुकीचा नाही. पण तो ज्या जागी थांबतो ती जागा फार सोयीची आहे.

ई. एम. हल या इंग्रज लेखिकेच्या १९१९ च्या कादंबरीवर जॉर्ज मेलफर्डने काढलेल्या या चित्रपटात अहमद बेन हसन (रुडॉल्फ व्हॅलेंटिनो) लेडी डायना मेयोला (ॲग्नेस एअर्स) उचलून आपल्या तळावर नेतो. कादंबरीतला बलात्कार पडद्यावर झाकला गेला, याची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. कथेची गाठ मात्र शेवटाकडे आहे. शेख जखमी होऊन पडला असता डायनाला त्याचा हात अरबाच्या मानाने मोठा वाटतो. तेव्हा त्याचा फ्रेंच मित्र खुलासा करतो की हा अरब नव्हेच, याचा बाप इंग्रज आणि आई स्पॅनिश. अपहरणाचा अपराध प्रेमाने धुऊन निघतो. जन्माचा निघत नाही. तेथे जन्मच बदलावा लागतो. शिवाय हा अरब-वेषातला इंग्रज पडद्यावर साकारतो कोण, तर इटलीतल्या कास्तेलानेता गावी जन्मलेला माणूस! परक्या देहाची ओढ इतक्या पदरांआडूनच भोगता येत होती.

ही युक्ती पाश्चात्त्यांची म्हणून हात झटकणाऱ्यांनी ‘शिराझ’ (१९२८) पाहावा. निर्माते आणि नायक हिमांशु रॉय, कथा निरंजन पाल यांची, दिग्दर्शक जर्मन फ्रांझ ऑस्टेन. वाळवंटात काफिल्यावर हल्ला होतो, एक तान्ही मुलगी वाचते, कुंभाराच्या घरी वाढते आणि गुलाम म्हणून विकली जाऊन शाहजादा खुर्रमच्या महालात पोचते. पुढे एका ताइतामुळे ती राजकुळातली ठरते आणि तिचा मुमताज महल होण्याचा मार्ग मोकळा होतो. कुंभाराच्या मुलाच्या वाट्याला तिच्या कबरीचा आराखडा येतो. कॅलिफोर्नियाच्या स्टुडिओला भारतीय प्रतिभेने दिलेले हे उत्तर म्हणायचे की त्याच धड्याची घोकंपट्टी?

हेच रॉय १९३४ मध्ये देविका राणीसह मालाडला बॉम्बे टॉकीज उभी करतात आणि १९३६ मध्ये हेच त्रिकूट ‘अछूत कन्या’ देते. ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप (अशोककुमार) आणि रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य दुखियाची मुलगी कस्तुरी (देविका राणी). बापांची मैत्री आहे, मुलांचे प्रेम आहे. लग्ने मात्र दोघांचीही आपापल्या जातीत होतात. अखेर फाटकाशी झुंजणारे पती आणि प्रताप यांना वाचवायला कस्तुरी गाडीपुढे धावते आणि मरते. येथे ताईत नाही. कस्तुरी कोणा ब्राह्मणाची हरवलेली लेक निघत नाही, ही या चित्रपटाची सचोटी. ती मान्य केलीच पाहिजे. पण जन्म खोटा पाडता येत नाही म्हटल्यावर कथेकडे तिला मारण्याखेरीज दुसरा उपाय उरत नाही, आणि मारल्यावर तिची देवळी केली जाते. जिला जिवंतपणी सून करता येत नाही तिला मेल्यावर पूजता येते, ही सोय सहाराच्या तंबूत नव्हती. ती खास इथली.

त्या काळी याहून पुढे जाणे अशक्य होते, असा बचाव नेहमी केला जातो. तो टिकत नाही. येवल्याची घोषणा १९३५ ची. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने रद्द केलेले भाषण डॉ. आंबेडकरांनी स्वतः छापले ते १९३६ मध्येच. सहभोजनाने भागणार नाही, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असे त्यात निःसंदिग्धपणे मांडले आहे. म्हणजे प्रताप-कस्तुरीच्या लग्नाचा विचार त्याच वर्षी, त्याच मुंबईत छापील स्वरूपात उपलब्ध होता. मालाडच्या पटकथेला तो परवडला नाही, एवढेच.

ठाकूर घराण्याशी नाते सांगणारी, लंडनमध्ये शिकलेली देविका राणी रेखीव कोरलेल्या भुवयांनिशी दुखियाच्या अंगणात वावरते, तेव्हा प्रेक्षकाला तिचे खरे कूळ ठाऊक असते. कथेने नाकारलेला ताईत असा नटीच्या गळ्यात राहतोच. व्हॅलेंटिनोच्या बुरख्याआडचा गोरा नेमका टिपणारी समीक्षा या भुवयांपाशी आली की ‘हृदयस्पर्शी’, ‘पुरोगामी’ अशी विशेषणे काढते. रक्ताचा कायदा दुसऱ्याचा असला की ती त्याला विचारव्यूह म्हणते. आपला असला की शोकात्मिका.