व्हिसा म्हणजे करार नव्हे

परदेशी कामाला जाणाऱ्या गरिबाला कायदा काय करायचा, त्याला ओळख हवी, हा आपल्या समाजात रूढ झालेला समज जितका सोयीचा तितकाच घातक आहे. दलालांची दुकाने याच समजावर चालतात.

किन्हवली परिसराला उचलीचा अर्थ शिकवावा लागत नाही. शहापूर-मुरबाडकडची कातकरी कुटुंबे पावसाळ्यात उचल घेतात आणि पावसाळा सरला की वीटभट्टीवर ती फेडू लागतात. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने रद्द झाली. हिशेबाची वही मात्र मालकाकडेच राहिली. आखाती व्हिसासाठी जमीन गहाण टाकणारा तरुण यांच्यापासून दूर नाही. मध्ये समुद्र असला तरी गाठ तीच: आधी कर्ज, मग श्रम, आणि कागद दुसऱ्याच्या हाती.

1983 च्या उत्प्रवासन कायद्याने नोंदणीवाचून परदेशी नोकरभरती करण्यास मनाई केली. नोंदणीकृत दलालाने मजुराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा 30,000 रुपये व त्यावरील कर अशी ठरली. दहावी न झालेल्या मजुराने आखाती राष्ट्रांसह 18 देशांत कामाला जाताना उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी, अशी तरतूद झाली. या वाटेने जाणाऱ्यास अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपयांच्या विम्याचा आधार असतो. ‘ही कटकट मी वाचवतो’ असे म्हणून दलाल हातावर पर्यटनाचा व्हिसा ठेवतो, तेव्हा करार, विमा आणि तक्रारीचा पाया या तिन्ही गोष्टी तो काढून घेत असतो.

धर्मग्रामाने या भानगडीत पडू नये, दानधर्म करावा, असे काही सुज्ञ म्हणतात. फसलेल्याच्या घरी तांदूळ पोचवणे हे दान, आणि तो फसू नये म्हणून त्याला करार वाचून दाखवणे ही भानगड, हा न्याय कोणता?

कायदाच दुबळा आहे, असा दुसरा आक्षेप. तो निराधार नाही. बेकायदा भरतीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अवघा 2,000 रुपयांपर्यंत! खटल्याला केंद्र सरकारची पूर्वसंमतीही लागते. परंतु फसवला गेलेला मजूर स्वतः, किंवा त्याच्या वतीने आई, वडील, पत्नी, भावंडे तक्रार करतील, तर ती संमती लागत नाही. म्हणजे कायद्याने त्या आईसाठी दार उघडे ठेवले आहे. तिचा अर्ज लिहून देणारा मात्र कोणी नाही.

तोही मिळू शकतो. मोफत विधी साहाय्याचे तत्त्व 1976 सालीच संविधानात अनुच्छेद 39 क म्हणून आले. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न न पाहता, वकील मिळण्याचा हक्क दिला. त्यासाठी तालुका विधी सेवा समित्या आहेत, 15100 हा दूरध्वनी क्रमांक आहे.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. शिफारसपत्र वा बाप्तिस्म्याचा दाखला मागण्यास येणाऱ्या परदेशगामी प्रत्येकास धर्मग्रामाने तीन गोष्टी विचाराव्यात: दलालाचा नोंदणी क्रमांक, नोकरीचा करार, दिलेल्या पैशांची पावती. यांतील एकही नसेल, तर त्याला विधी सेवा समितीकडे सोबत घेऊन जावे. सणाच्या मंडपासाठी आपण दरवर्षी समिती नेमतो. गरिबाचा कागद वाचण्यासाठी महिन्यातून एक रविवार नेमणे आपल्याला जड का जावे?