परदेशातून काय आणावे?

आपल्या मंडळातील बहुतेक डॉक्टर-कुटुंबे हल्ली वर्षा-दोन वर्षांतून एकदा तरी परदेशी जातात. परिषद असो, मुलाचा पदवीदान समारंभ असो की निवृत्तीनंतरची सहल, परतताना बॅगेचे वजन वाढलेले असतेच. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटावरून यजमानांचा प्रवास ओळखता येतो : आयफेल टॉवरची प्रतिकृती, स्वित्झर्लंडच्या गायीची घंटा, लंडनची लाल बस. मात्र या वस्तू कोणी घडवल्या, कोठे घडवल्या, हे बहुधा कोणालाच सांगता येत नाही. पुष्कळदा त्या ज्या देशातून आणल्या तेथे बनलेल्याही नसतात. माझे मत असे की, परदेशातून वस्तू थोड्या आणाव्यात, परंतु कर्त्याची विचारपूस करून आणाव्यात. हा केवळ रसिकतेचा प्रश्न नाही. त्यात कारागिराचे पोट आहे, एखाद्या शहराचा ठेवा आहे, आणि कधीकधी घरातील बालकाची प्रकृतीही आहे.

उदाहरणादाखल पोर्तुगालचे घेतो. गोव्यामुळे मराठी माणसाला या देशाविषयी कुतूहल असतेच. तेथील इमारतींवर दिसणाऱ्या रंगीत चकचकीत फरशांना ‘अझुलेझु’ म्हणतात. शब्द मूळचा अरबी, अर्थ घासून गुळगुळीत केलेला दगड. पोर्तो शहराच्या साओ बेंतो रेल्वे स्थानकात अशा सुमारे वीस हजार फरशांवर त्या देशाचा इतिहास चितारलेला आहे. तो चितारणाऱ्या जॉर्ज कोलासो यांचेच काम पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

पर्यटकाला या फरशीचा मोह पडणे स्वाभाविक आहे. लिस्बनमध्ये ती तीन प्रकारांनी मिळते. पहिली कारखान्यात छापलेली, फ्रिजवरच्या चुंबकाच्या भावाची. दुसरी कार्यशाळेत हाताने रंगवलेली, मागे कारागिराची सही असलेली, अर्थात महाग. तिसरी जुन्या बाजारात चादरीवर मांडलेली, कडा उडालेली, पाठीला चुना चिकटलेली ‘अस्सल’ जुनी फरशी. आपण ज्याला चोखंदळ म्हणतो तो ग्राहक नेमका या तिसरीकडे वळतो. त्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा : हा चुना कोणत्या भिंतीचा? लिस्बनमधील जुन्या घरांच्या दर्शनी भिंतींवरून फरशा उचकटून विकण्याचे प्रकार इतके वाढले की, २००७ मध्ये तेथील न्यायिक पोलिसांच्या संग्रहालयाने ‘एसओएस अझुलेझु’ हा उपक्रम सुरू केला, आणि २०१७ मध्ये फरशांनी मढवलेल्या भिंती पाडण्यावर देशभर कायद्याने बंधन आले. चोरीला गिऱ्हाईक मिळते म्हणून चोरी होते. जुन्या फरशीचा पूर्वेतिहास विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर ती घेऊ नये. हाताने रंगवलेली नवी फरशी घ्यावी. ती घेतल्याने भिंत उघडी पडत नाही आणि रंगवणाऱ्याची चूल पेटते.

बालरोगतज्ज्ञ म्हणून येथे थोडे विषयांतर करतो. या जुन्या फरशांच्या झिलईत शिसे असते. भिंतीवर ते निरुपद्रवी. पण गरम भांडे ठेवायला किंवा खाद्यपदार्थ मांडायला अशी फरशी वापरू नये. देशोदेशीच्या पारंपरिक मातीच्या भांड्यांबाबतही, ती अन्नासाठी योग्य आहेत काय, हे विचारल्याशिवाय त्यांत लोणचे-चटणी ठेवू नये. आम्लामुळे झिलईतील शिसे अन्नात उतरते. शिसेयुक्त क्रिस्टलच्या सुरयांचेही तेच. अशा सुरईत महिनोन्‌महिने ठेवलेल्या पोर्ट वाइनमध्ये शिशाचे प्रमाण अनेक पटींनी वाढल्याचे १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले होते. पोटात गेलेले शिसे बालकाच्या शरीरात प्रौढाच्या चार-पाच पट शोषले जाते आणि त्याची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. नातवंडांसाठी शोभेची चुंबके आणणाऱ्या आजी-आजोबांनी आणखी एक लक्षात ठेवावे : सुटी झालेली दोन लहान शक्तिशाली चुंबके मुलाने गिळली, तर ती आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधल्या आतड्याला भोक पडू शकते. तीन वर्षांखालील मुलाला चुंबक भेट देऊच नये.

आता वाइन. पोर्ट वाइनच्या दोऊरू नदीकाठच्या प्रदेशाची सीमा १७५६ मध्ये मार्क्विस ऑफ पोंबाल यांच्या कारकीर्दीत आखली गेली. अशा प्रकारे सीमांकित झालेल्या जगातील सर्वांत जुन्या वाइन प्रदेशांपैकी तो एक. पोर्टच्या बाटलीच्या गळ्यावर क्रमांक असलेली हमीची कागदी पट्टी असते. द्राक्षे कोठली, माल कोणाचा, याची जबाबदारी कोणीतरी घेतलेली आहे, असा तिचा अर्थ. भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काविना आणता येते. परंतु आपण वडोदरेकर! दारूबंदीच्या राज्यात परवान्यावाचून बाटली घरी आणणे हा गुन्हा आहे, आणि सीमाशुल्काची सवलत म्हणजे तो परवाना नव्हे. म्हणून ज्यांना चाखायची आहे त्यांनी ती तेथेच, बेताने चाखावी.

आणायचेच असेल तर बूच आणावे! जगातील सुमारे निम्मे बूच पोर्तुगालात होते. बुचाच्या ओक वृक्षाची साल तो सुमारे पंचवीस वर्षांचा झाल्यावर प्रथम काढतात, पुढे दर नऊ वर्षांनी. बाटलीच्या योग्यतेची साल मिळते ती तिसऱ्या खेपेस. झाड तोडत नाहीत. खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवून ठेवतात, म्हणजे पुढची नऊ वर्षे कोणी हात लावणार नाही. लावणाऱ्याच्या हयातीत क्वचितच पुरते फळ देणाऱ्या या उद्योगातून बनलेली पिशवी किंवा पाकीट वजनाला हलके, टिकाऊ, आणि सांगण्याजोगी गोष्ट सोबत घेऊन येणारे असते.

पोर्तुगालच्या उत्तरेस बिसाल्याइश गावी जमिनीतील खड्ड्यात भाजून, वरून माती लोटून, कोंडलेल्या धुराने काळी केलेली मडकी बनतात. २०१६ मध्ये युनेस्कोने या कलेची नोंद तातडीने जपण्याच्या वारशांच्या यादीत केली, कारण ती जाणणारे कुंभार मोजकेच उरले होते. अशा ठिकाणी आपण मोजलेले पैसे म्हणजे दान नव्हे. पुढच्या पिढीतील एखादा मुलगा चाकावर बसेल की नाही, हे त्यावर ठरते.

एवढे वाचून कोणी म्हणेल, परदेशी कारागिराची चिंता आपण का वाहावी? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या दारातच आहे. वडोदऱ्यापासून गाडीने तासा-दीड तासावर संखेडा आहे. तेथील खरादी सागवान चरकावर फिरवून त्यावर लाखेचे रंग चढवतात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातील झोपाळा आणि तान्ह्या बाळांचे घोडियुं तेथूनच आलेले आहे. लिस्बनमध्ये छापील किंमत मुकाट्याने युरोत मोजणारे आपण, संखेड्यात मात्र दोनशे रुपयांसाठी पाऊण तास हुज्जत घालतो आणि जिंकल्याच्या आनंदात परततो. आपली तपासणी-फी कोणी अशी घासाघीस करून निम्मी केली, तर आपणांस काय वाटेल? कौशल्याचे मोल करण्याची बुद्धी पारपत्रावरच्या शिक्क्याबरोबर येत नसते; ती घरीच अंगी बाणावी लागते.

या नगरीला हे सांगण्याची खरे तर गरज नसावी. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी परदेश प्रवास पुष्कळ केले. त्यांनी तेथून मिळवलेल्या कलावस्तू राजवाड्याच्या भिंतींआड राहिल्या नाहीत. १८९४ मध्ये स्थापन झालेले आपले संग्रहालय आणि १९२१ मध्ये खुली झालेली चित्रशाळा प्रजेसाठी होती. कमाटीबागेत फिरायला गेलेले सामान्य मूलही युरोपातील चित्रे पाहू शकावे, ही त्यामागील दृष्टी. आपल्याला संग्रहालय उभारायचे नाही. पण आणलेल्या एका वस्तूविषयी नातवंडाने ‘हे कोणी केले?’ असे विचारले, तर सांगायला दोन वाक्ये असावीत, इतके आपल्या हाती निश्चित आहे.

म्हणून माझी विनंती : पुढील प्रवासात दहा वस्तूंऐवजी एक घ्या. ती कोणी, कशाची आणि कोठे केली, हे विचारा. विक्रेत्याला उत्तर देता आले नाही तर पुढे चला. लहान मुलासाठी असेल तर रंग, झिलई, चुंबक आणि सुटे भाग तपासा. योग्य किंमत आनंदाने द्या. आणि हाच नियम पुढच्या रविवारी संखेड्यालाही लावा.