पुण्याचा मक्ता

रस्त्यावर आयुष्य कंठणाऱ्या निराधारांचा विषय निघाला, कीं आमच्या सुशिक्षित मंडळींचें उत्तर ठरलेलें असतें: 'त्यासाठीं संस्था आहेत ना!' हें उत्तर वरवर कृतज्ञतेचें दिसतें. वस्तुतः ती पळवाट आहे.

२०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव धारण केलेल्या आमच्या अहमदनगर जिल्ह्यांत शिंगवे नाईक येथें डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे ह्या दांपत्यानें 'माउली' उभी केली. १९९८ सालीं रस्त्यावरील भुकेल्यांस अन्न पोंचविण्यापासून ह्या कार्यास आरंभ झाला. परंतु पोटांत अन्न पडलें तरी बेघर मनोरुग्ण स्त्रीची रात्र सुरक्षित होत नाहीं. म्हणून २००७ पासून तेथें अशा स्त्रियांना छप्पर, औषध आणि मायेचें माणूस हीं तिन्ही मिळूं लागलीं. अत्याचारांतून जन्मलेलीं मुलेंहि तेथें आईजवळ वाढलीं. त्या मुलांचे बाप आमच्याच समाजांतले होते, हें टाळ्या वाजविणारांनीं विसरूं नये.

कोणी म्हणतात, फुकट निवाऱ्यानें आळस बोकाळतो. जिला स्वतःचें नांवहि आठवत नाहीं, तिच्यावर आळसाचा आरोप करणें ही निव्वळ निर्दयता होय. जिचा ठावठिकाणाच नाहीं, तिला नियमित औषध देणार कोण व कोठें? फिनलंडनें २००८ पासून 'आधीं घर, मग उपचार' हाच क्रम राष्ट्रीय धोरण म्हणून पत्करला. आमच्याकडे मात्र १९५९ च्या मुंबई राज्याच्या कायद्यानें, उदरनिर्वाहाचें साधन नसतां भटकणें हेंच भिक्षेकरीपणाच्या व्याख्येंत घालून अटकेस पात्र ठरविलें.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा निराळी वाट दाखवितो. भटकणाऱ्या मनोरुग्णास संरक्षण देणें हें पोलिसांचें कर्तव्य आहे. आणि केवळ घर नाहीं किंवा कुटुंब स्वीकारीत नाहीं एवढ्यासाठीं कोणासहि उपचारगृहांत डांबून ठेवतां येत नाहीं, असें तो स्पष्ट सांगतो. मग बऱ्या झालेल्या स्त्रीनें जावें कोठें? माहेरानें दार लावलेलें, सासरानें नांव टाकलेलें, आणि गांव देणगीची पावती खिशांत घालून मोकळें!

२०११ च्या जनगणनेंत देशांत सुमारें पावणेअठरा लक्ष बेघर मोजले गेले. त्यांपैकीं दोन लक्षांहून अधिक महाराष्ट्रांत होते. एका दांपत्याच्या करुणेवर एवढा भार टाकणें हा त्या करुणेचाहि अपमान आहे. जिल्ह्याच्या चौदाहि तालुक्यांत अशा स्त्रियांकरितां वस्तींतच लहान लहान घरें हवींत. जागा ग्रामपंचायतींनीं व नगरपालिकांनीं द्यावी, खर्च सरकारनें करावा, आणि शेजार आपण द्यावा. ह्यांतलें शेवटचें देणें सर्वांत जड आहे, आणि तेंच आपण आजवर चुकवीत आलों आहों.