गुप्तचरांचा कायदा आणि विद्यापीठांचे मौन

काही वर्षांपूर्वी विधी शाखेची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी तिने इंटेलिजन्स ब्यूरोचे घटनात्मक स्थान हा विषय निवडला होता. मी अर्थशास्त्राचा माणूस. सार्वजनिक खर्चाच्या हिशेबाविषयी तिला काही विचारायचे होते. महिन्याभराने ती पुन्हा आली तेव्हा विषय बदललेला होता. ‘विषय चांगला आहे, पण पुढे नोकरीच्या वेळी तुझीच चौकशी होईल,’ असा सल्ला तिला वडीलकीच्या नात्याने देण्यात आला होता. कोणी बंदी घातली नव्हती, कोणी लेखी हुकूम काढला नव्हता. अखेर तिने ग्राहक संरक्षण कायद्यावर लिहिले आणि ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली.

प्रसंग लहान आहे, परंतु त्याने उभा केलेला प्रश्न लहान नाही. ज्या सत्तेचा अभ्यासच होत नाही, त्या सत्तेवर लोकशाहीचे नियंत्रण कसे येणार?

वस्तुस्थिती काय आहे ते पाहू. इंटेलिजन्स ब्यूरोचा उगम १८८७ साली, ब्रिटिश राजवटीत झाला. परदेशातील हेरगिरीसाठी ‘रॉ’ ही संघटना १९६८ साली वेगळी काढण्यात आली. या दोन्ही संघटनांची स्थापना, त्यांचे अधिकार आणि त्या अधिकारांच्या मर्यादा सांगणारा संसदेचा कायदा आजही अस्तित्वात नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्रीय सूचीत ‘केंद्रीय गुप्तवार्ता’ हा विषय आठव्या नोंदीत आहे. म्हणजे संसदेला कायदा करण्याचा अधिकार पहिल्या दिवसापासून आहे. तो तिने या कामासाठी वापरलेला नाही.

नाही म्हणायला, एक कायदा झाला आहे. १९८४ साली पन्नासाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३३ ची व्याप्ती वाढवण्यात आली आणि १९८५ साली गुप्तवार्ता संघटनांतील कर्मचाऱ्यांचे हक्क मर्यादित करणारा अधिनियम संमत झाला. या कर्मचाऱ्यांनी कामगार संघटना करू नये, परवानगीवाचून वृत्तपत्रांशी बोलू नये, हा त्याचा आशय. ज्यांचे आयुष्य कामगार चळवळीत गेले आहे, त्या वाचकांच्या लक्षात यातील विसंगती चटकन येईल. संघटनेच्या अधिकारांना मर्यादा घालण्याची निकड संसदेला वाटली नाही. तिथे राबणाऱ्या माणसांच्या हक्कांना मर्यादा घालण्याची निकड मात्र वाटली.

आणीबाणीनंतर ही संधी एकदा चालून आली होती. गुप्तचर यंत्रणेचा राजकीय कारणांसाठी झालेला वापर शहा आयोगाच्या चौकशीतून पुढे आला होता. जनता सरकारने एल. पी. सिंह यांच्या अध्यक्षतेखाली या यंत्रणांसाठी स्वतंत्र समितीही नेमली. परंतु सरकार कोसळले आणि कायद्याचा विषय मागे पडला. ज्यांची पत्रे फोडली गेली, ज्यांच्या बैठकांची टिपणे घेतली गेली, अशी माणसे सत्तेवर आली असतानाही हे काम झाले नाही, ही कबुली आपण समाजवाद्यांनी प्रामाणिकपणे दिली पाहिजे.

याच काळात अन्य देशांत काय घडले? अमेरिकेत सिनेटर चर्च यांच्या समितीने १९७५-७६ साली गुप्तचर यंत्रणांची झडती घेतली आणि १९७८ साली परकीय हेरगिरीसंबंधीच्या पाळतीसाठी विशेष न्यायालय स्थापणारा कायदा आला. कॅनडात मॅक्डोनाल्ड आयोगाच्या अहवालानंतर १९८४ साली नवी गुप्तवार्ता सेवा कायद्याने निर्माण झाली आणि तिच्यावर देखरेख करणारी समितीही त्याच कायद्याने दिली. ब्रिटनने आपल्या अंतर्गत गुप्तचर सेवेला ऐंशी वर्षे कायद्यावाचून चालवले. १९८९ साली तिला कायदा दिला आणि १९९४ साली संसदेच्या सदस्यांची समिती नेमली. त्याच वर्षी लस्टगार्टन आणि ली या दोन विधिज्ञांचा राष्ट्रीय सुरक्षा आणि संसदीय लोकशाही यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेथे आज हा विद्यापीठांतील अभ्यासाचा विषय आहे. त्या देशांतील पाळत संपली असे मुळीच नाही. परंतु तेथील प्राध्यापक कायद्याच्या कलमावर बोट ठेवून सरकारला जाब विचारू शकतो. आपल्याकडे बोट ठेवायला कलमच नाही.

म्हणून अभ्यास करण्याजोगे काही नाही, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. जयप्रकाशजींच्या प्रेरणेने १९७६ साली उभ्या राहिलेल्या लोकस्वातंत्र्य संघटनेच्या, म्हणजे पीयूसीएलच्या, याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निर्णय दिला. दूरध्वनी चोरून ऐकणे हा खाजगीपणावरील आघात आहे असे त्यात सांगितले आणि आदेश कोणी द्यावा, तो किती काळ चालावा याचे दंडक घालून दिले. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पेगॅसस प्रकरणी २०२१ साली न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. २०२३ सालच्या दूरसंचार कायद्याने १८८५ च्या तार कायद्याची जागा घेतली. परंतु अशा आदेशांचे पुनर्विलोकन अजूनही सचिवांचीच समिती करते, तीत न्यायाधीश नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम २४ या संघटनांना सूट देते. पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांविषयीची माहिती त्या सुटीबाहेर ठेवते. हे सर्व उघड साहित्य आहे. त्यासाठी कोणतेही गुपित फोडावे लागत नाही.

आमच्या राज्यातले उदाहरण ताजे आहे. राजकीय नेत्यांचे दूरध्वनी बेकायदा ऐकल्याच्या आरोपावरून २०२२ साली पुण्यात आणि मुंबईत गुन्हे नोंदवले गेले. २०२३ साली उच्च न्यायालयाने ते रद्द केले. या काळात कोणी कोणाचे ऐकले याची चर्चा घराघरांत झाली. आदेश देण्याचा अधिकार कोणाला, त्याची तपासणी कोण करतो, हे समजावून सांगणारे प्राध्यापक मात्र मला फारसे आढळले नाहीत. ज्या ज्ञानाची समाजाला गरज होती, ते विद्यापीठांनी तयारच ठेवले नव्हते.

उलट वारे कोणत्या दिशेने वाहते ते पाहा. २०२१ च्या मे महिन्यात निवृत्तिवेतनाचे नियम बदलून गुप्तचर संघटनांतील निवृत्त अधिकाऱ्यांना आपल्या क्षेत्राविषयी लिहिण्यापूर्वी परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. त्याच वर्षाच्या जानेवारीत, देशाच्या सुरक्षेशी संबंधित विषयांवर परदेशी विद्वानांसह दूरस्थ परिषदा भरवण्यापूर्वी सरकारी विद्यापीठांनी मंजुरी घ्यावी, असा फतवा निघाला होता. वैज्ञानिकांनी विरोध केला आणि काही आठवड्यांत तो मागे घ्यावा लागला. एकत्रित आवाज उठवला तर सरकार माघार घेते, हा त्यातील धडा आहे.

राष्ट्राची सुरक्षा धोक्यात येईल, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. लष्करासाठी १९५० चा कायदा आहे, तो विधी महाविद्यालयांत वाचला जातो, त्याने लष्कर दुबळे झाले नाही. हेरांची नावे आणि त्यांच्या मोहिमा कोणी मागत नाही. मागणी आहे ती अधिकाराच्या उगमाची आणि सीमेची. अशी सीमा आखलेली असेल तरच एखादा प्रामाणिक अधिकारी मंत्र्याला सांगू शकतो की, साहेब, हे माझ्या कामात बसत नाही. आज त्याच्या हाती तेवढाही आधार नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आणखी एक गोष्ट नोंदवतो. गुप्त सेवेच्या खर्चाबाबत लेखापरीक्षकाला बहुतांशी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागते. गुप्तता समजू शकते. पण संसदेच्या एखाद्या छोट्या, शपथबद्ध समितीलाही तो हिशेब दिसू नये, हे करदात्या जनतेने का मान्य करावे? २०११ साली मनीष तिवारी यांनी लोकसभेत अशा देखरेखीचे खाजगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही, पण त्याचा मसुदा आजही वर्गात शिकवण्याजोगा आहे.

साथींनी यात काय करावे? ज्यांचा विद्यापीठांच्या अधिसभांशी आणि अभ्यास मंडळांशी संबंध आहे, त्यांनी या विषयाची एक ऐच्छिक अभ्यासपत्रिका सुरू करण्याचा ठराव आणावा. वकिलांनी अभ्यासवर्गांतून पीयूसीएलचा निकाल मराठीत समजावून द्यावा. प्राध्यापकांनी, विशेषतः ज्यांच्या नोकरीला आता धोका उरलेला नाही अशा आम्हा निवृत्तांनी, मार्गदर्शनाची जबाबदारी घ्यावी. त्या मुलीला मी त्या दिवशी एवढेच म्हणालो होतो, ‘तुझ्या सोयीचे ते कर.’ तिच्या बाजूने दोन ओळींचे पत्र लिहिणे मला शक्य होते. ते मी लिहिले नाही, याची बोच आजही आहे. पुढची विद्यार्थिनी येईल तेव्हा ते पत्र तयार असेल.